माडबंदरचे माजी अध्यक्ष

भार्गवराव मिठबावकर आपलं नाव सांगताना आधी हुद्दा सांगत आणि हुद्द्याच्याही आधी 'माजी' सांगत. "माजी अध्यक्ष, माडबंदर नगरपालिका, भार्गवराव मिठबावकर." हे सगळं एका दमात. दवाखान्यात, पोस्टाच्या खिडकीवर, वाण्याकडे, कुठंही. रेशनच्या कारकुनाला एकदा घाई होती. त्यानं कानावर पडलं तसं लिहून टाकलं. तेव्हापासून मिठबावकरांच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाचं नाव 'माजी भार्गव मिठबावकर' असं होतं, आणि ते बदलून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

"चूक कुठं आहे त्यात?" ते म्हणाले. "सरकारदप्तरी पहिल्यांदाच कुणीतरी माझं बरोबर नाव लिहिलंय."

चाळीत त्यांना सगळे 'अध्यक्ष' म्हणत. कुणी जिन्यातून "काय अध्यक्ष!" म्हटलं, की ते वरून लगेच "माजी!" म्हणून उत्तर देत. मग पुढचं बोलणं. ह्यात त्यांना गंमत वाटत नसे. जे पद आता आपल्याकडे नाही, त्याचा मान फुकटचा घेणं त्यांना चोरीसारखं वाटे.

त्यांच्या बायकोला मात्र ह्या 'माजी'चा भारी राग. काकू अस्सल मालवणी. त्यांच्या बोलीत 'माझी' म्हणायचं तरी 'माजी'च म्हणतात. मी लग्न होऊन लालबागेत नवी नवी आले, तेव्हा नळावर त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते हेच. "दिवसभर 'माजी, माजी' करतत. तुका वाटात, माका म्हणतत. माका नाय गो! तेंची ती नगरपालिका!"

माझं माहेर दादरचं. वडील शाळेत मास्तर, घरात बोलणं बेताचं. लालबागची सावळाराम चाळ म्हणजे एकदम दुसरा मुलूख. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारावर काठीची टकटक झाली. दारात काळा कोट, काळी टोपी, धोतर आणि हातात काठी अशी एक उंच, वाळकी मूर्ती.

"सूनबाई, आमच्या हद्दीत स्वागत आहे. जिन्याचा कठडा तिसऱ्या वळणावर सैल आहे, तिथं हात टेकू नका. मोरीच्या तोंडाशी एक लादी निसरडी आहे, ती ओलांडून जा. आणि नळाला पहाटे जोर असतो, नंतर नसतो. आणखी काही अडचण?"

मी पदर सावरत नुसतं "नाही" म्हटलं.

"नसणारच. अजून राहायला सुरुवात कुठं झालीय," असं म्हणून ते गेले.

मागून सासूबाई पुटपुटल्या, "रिकामटेकडं म्हातारं." सासूबाई साताऱ्याकडच्या. ज्याच्या हातात काठी आहे पण पुढं गुरं नाहीत, अशा माणसावर त्यांचा विश्वास नव्हता.

माडबंदर कुठं आहे, हे मला भार्गवरावांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं होतं. कोकणच्या किनाऱ्याला समुद्र जिथं थोडा आत शिरतो, तिथं धक्का. धक्क्यापासून देवळापर्यंत एक रस्ता. रस्ता संपला की गाव संपलं. लोकवस्ती म्हणाल, तर गणपतीत आमच्या गल्लीत त्याहून जास्त माणसं असत. पण ह्या एवढ्याशा गावाला कुठल्याशा जुन्या हुकमानं नगरपालिका मिळाली होती, आणि ती माडबंदरनं जपली होती. कचऱ्याची गाडी एक, तिला बैल एक. बैल आजारी पडला, की आरोग्य खातं बंद. जकात नाक्यावर एक म्हातारा शिपाई. त्याला झोप फार, म्हणून लोक त्याला उठवून जकात भरत.

सभा शाळेच्या ओटीवर भरायची. आत मुलांचे पाढे आणि बाहेर सभासदांची भाषणं. एक ठराव तर म्हणे 'बे चोक आठ'च्या गजरात मंजूर झाला होता. विरोधी पक्ष म्हणजे गावचे वैद्य. ते प्रत्येक ठरावाला विरोध करत. पाणी गाळायला विरोध, न गाळायलाही विरोध. आणि सभा संपली, की हेच वैद्य आपला कंदील घेऊन अध्यक्षांना घरापर्यंत सोडायला येत, कारण भार्गवरावांना तिन्हीसांजेला कमी दिसे.

"तुम्हाला राग नाही यायचा त्यांचा?" मी विचारलं.

"छे! विरोधक लागतो हो. नाहीतर आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं."

सगळ्यांत गाजलेली सभा दिव्यांवरची. रस्त्यावर रॉकेलचे कंदील होते. चांदण्या रात्री ते लावायचे नाहीत, तेवढीच तेलाची बचत, असा जुना नियम. पण पौर्णिमेला आभाळ भरून आलं तर? चांदणं कागदावर आहे, रस्त्यावर नाही, अशा रात्री धक्क्याच्या वळणावर एक कोळीण पडली आणि तिची पाटी सांडली. सभेत वादळ झालं. एक म्हणे, ढगांची जबाबदारी पालिकेवर नाही. दुसरा म्हणे, मग चांदण्याचं श्रेय पालिका कशी घेते? शेवटी ठरलं, की पौर्णिमेला ढग आले तर खुद्द अध्यक्षांनी कंदील घेऊन त्या वळणावर उभं राहावं.

"मग?"

"मग काय? राहिलो उभा. ठराव मंजूर झाला होता ना!"

पुढं सरकारच्या लक्षात आलं, की एवढ्याशा गावाला नगरपालिका कशाला, ग्रामपंचायत पुरे. हुकूम निघाला. शेवटची सभा भरली. शेवटचा ठराव आभाराचा होता. दिवाबत्तीवाल्याचे आभार, झाडूवाल्यांचे आभार, नाक्यावरच्या शिपायाचे आभार आणि बैलाचे आभार. वैद्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अनुमोदन दिलं. मग खुर्च्या शाळेला देऊन टाकल्या आणि सगळे घरी गेले. थोड्या दिवसांनी पुतण्यानं लालबागची आपली रिकामी खोली काकांना राहायला दिली, कारण त्याची बदली लांब झाली होती. असे हे दोघं आमच्या चाळीत आले.

माडबंदर सुटलं, पण नगरपालिका सुटली नाही. रोज सकाळी सगळ्या मजल्यांची पाहणी. जिना, मोरी, संडास, कचऱ्याचा डबा. त्यांचं सगळं राज्यशास्त्र तीन शब्दांत मावत होतं : "पाणी, दिवा, झाडू. बाकी सगळी भाषणं." काही ठरवायचं असलं, की गॅलरीत उभं राहून म्हणत, "सूचक मी. अनुमोदन?" पहिल्यांदा पोरं चेष्टेनं ओरडत, "अनुमोदन!" पण मग ठराव मंजूर झालेला असे आणि अंमलबजावणीला त्याच पोरांना बादल्या घेऊन खाली उतरावं लागे. हळूहळू चेष्टा कमी झाली आणि जिन्यात कंदील आला, सैल कठड्याला खिळे बसले, नळावरची भांडणं नळापुरतीच राहिली. सासूबाई तरीही म्हणायच्या, "दुसऱ्याच्या मोरीत नाक खुपसायला बरं जमतंय."

त्या वर्षांत आमच्या भागात एकच विषय होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही. गिरणीच्या दाराशी सभा, गल्लीत सभा, गच्चीवर सभा. आमचे हे गिरणीत टाइमकीपर. कामावरून सुटले की सरळ सभेला. घरी येत ते घसा बसवूनच. चाळीतल्या पोरांनी एकदा भार्गवरावांना ओढून गल्लीतल्या सभेत नेलं. एवढा अनुभवी माणूस, दोन शब्द बोलेल म्हणून. वक्त्यानं हात उंचावून घोषणा दिली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" लोक "झालाच पाहिजे!" म्हणणार, एवढ्यात मागून काठी वर झाली.

"उपसूचना! मुंबई आणि माडबंदरसह!"

"आजोबा, माडबंदर आहेच महाराष्ट्रात," कुणीतरी समजावलं.

"असेल. पण नोंद असू दे. लहान गावं गृहीत धरली जातात."

मग ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मुंबई महाराष्ट्रात आलीच पाहिजे, ह्याला माझं बिनशर्त अनुमोदन आहे. पण सावळाराम चाळीची दुसऱ्या मजल्यावरची मोरी कालपासून तुंबली आहे. इथं एवढे तरुण हजर आहेत, तर सभा संपल्यावर चार जणांनी माझ्याबरोबर यावं." लोक हसून हसून लोळले. पण चार जण आले. त्यांत आमचे हेही होते.

पुढच्या थंडीत दिल्लीहून बातमी आली, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. गिरण्या बंद पडल्या. रस्त्यावर माणूसच माणूस उसळला. मग दगड, अश्रुधूर, गोळ्या. ह्यांना एका मोर्च्यात धरून नेलं. कुठं ठेवलंय ते कळेना. आणि संचारबंदी लागली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा भिंतीला चिकटून चालायचं. मला नववा महिना लागलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "मूल पायाळू आहे. घरी करायचा विचारसुद्धा करू नका." प्रसूतिगृह होतं परळला. एरवी चालत जाण्याएवढं अंतर. त्या दिवशी ते विलायतेइतकं लांब होतं.

सकाळचा चहा झाला आणि माझ्या पोटात कळ आली. पहिल्यांदा मी बोललेच नाही. वाटलं, थांबेल. दुसरी आली, तेव्हा दाराची चौकट धरून खाली बसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सुईण राहायची पलीकडच्या गल्लीत. तीही येऊ शकत नव्हती, आणि आली असती तरी पायाळू मूल तिच्या हातचं नव्हतं. सासूबाई गॅलरीत गेल्या. ज्या माणसाला त्यांनी कधी सरळ हाक मारली नव्हती, त्याला त्यांनी चाळ हादरेल अशी हाक मारली, "अध्यक्ष! अवो अध्यक्ष! पोर मरंल माझी!"

भार्गवराव कोटाची बटणं लावत आले. 'माजी' म्हणाले नाहीत. दारातूनच त्यांनी विचारलं, "कळा किती वेळानं येताहेत?" सासूबाईंनी सांगितलं. ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "खालच्या कोळशाच्या वखारीत हातगाडी आहे. गादी टाका तिच्यावर."

तोवर चाळीतले तरुण जमले होते. "आम्ही नेतो, अध्यक्ष."

"तुम्ही कुणीही फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तरुण माणूस दिसला, की आधी बंदूक उठते, मग विचारतात. गाडी म्हाताऱ्या माणसांनी न्यायची. म्हाताऱ्यांना कोण घाबरतंय?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "सूचक मी. अनुमोदन?"

पोरांच्या माना खाली. तेवढ्यात काकू पुढं आल्या. लुगड्याचा पदर त्यांनी कमरेला घट्ट खोचला होता. "माजा अनुमोदन," त्या म्हणाल्या. "चला. वाद नंतर घाला."

अशी आमची वरात निघाली. गाडीवर मी, अंगावर दोन चादरी. मागून ढकलायला एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सासूबाई. आणि सगळ्यांच्या पुढं, काठीच्या टोकाला पांढरा पंचा बांधून, काळ्या कोटात भार्गवराव. रस्ता रिकामा. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. कुठं जळकं टायर, कुठं काचा, सगळीकडे दगड. आणि त्या ओसाड रस्त्यात ते मोठ्यानं ओरडत चालले होते, "बाजू! पालिकेचं काम आहे! बाजू!"

"कोणाक सांगतत हो?" काकू मागून धापा टाकत म्हणाल्या. "हय कावळो पण नाय."

"खिडक्यांतून लोक बघताहेत. त्यांना कळायला हवं, की ही दंगल नव्हे."

गाडीचं चाक दगडावर चढलं की माझ्या तोंडून किंकाळी निघे. ते पाहून भार्गवराव पुढं होऊन रस्त्यातले दगड उचलायला लागले. एकेक दगड उचलायचा आणि कडेला ठेवायचा. भिरकावायचा नाही, ठेवायचा. मला त्या वेदनांतही ते दिसत होतं. वाकून वाकून त्यांचा कोट धुळीनं भरला, हात काळे झाले, टोपी सरकली. "काय ही रस्त्याची अवस्था," एवढंच पुटपुटत होते. घरांच्या खिडक्या किलकिल्या होत होत्या. एका खिडकीतून कुणा बाईनं विचारलं, "अवघडलेली हाय का?" सासूबाईंनी मान हलवली. वरून हात जोडलेले दिसले.

नाक्यावर पोलिसांनी अडवलं. एक हवालदार पुढं आला, मागं दोघं बंदुका घेऊन. हवालदाराचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"कर्फ्यू आहे, दिसत नाही? कोण तुम्ही?"

भार्गवराव ताठ उभे राहिले. मला आठवतं, त्यांनी टोपी सारखी केली. आणि म्हणाले, "अध्यक्ष, माडबंदर नगरपालिका."

मागं काकूंचे हात गाडीवर थबकले. पालिका गेल्यापासून नवऱ्याच्या तोंडून त्या दोन अक्षरांवाचून ते नाव त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"कुठं आलं हे?"

"समुद्राला लागून."

"पास दाखवा."

"पास पालिका देते हवालदारसाहेब. पालिकेला पास कोण देणार?"

हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं. धुळीनं माखलेला कोट, काठीला पंचा, काळे हात. मग गाडीवर माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी मला कळ आली आणि मी चादर दातांत धरली. सासूबाई पुढं होऊन त्याच्या पायांना हात लावायला वाकल्या, तसा तो झटकन मागं सरला. "अहो आई, काय करताय!" मग त्यानं मागच्या एका शिपायाला हाक मारली. "बंदूक इथं ठेव. गाडीला हात लाव. दवाखान्यापर्यंत सोडून ये."

परळपर्यंत गाडी एका पोलिसानं ढकलली. भार्गवराव पुढं दगड उचलत राहिले.

प्रसूतिगृहात मला आत नेलं. नर्सनं भार्गवरावांना विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" ह्या प्रश्नाला त्यांच्याकडे हुद्दा नव्हता. मग म्हणाले, "शेजारी." हे मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. म्हणाल्या, एवढंच बोलले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. बाकावर जागा होती, पण बसले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी खूप खटपट केली. मी त्यातलं थोडंच सांगू शकते. मधे एकदा त्या कुणाला तरी म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर दोघंही..." आणि वाक्य तोडलं. दुपारी मुलगी झाली. आधी रडली नाही, मग रडली. तिचा आवाज बाहेर गेला, तेव्हा भार्गवराव म्हणाले, "हातगाडी वखारीची आहे. परत पोचवायला हवी," आणि ते रिकामी गाडी ओढत लालबागेकडे निघून गेले. त्या शिपायानं अर्ध्या वाटेपर्यंत साथ केली म्हणे.

आज माझी मुलगी स्वतः आजी झाली आहे. तिच्या पायांत पैंजण वाजले, ती शाळेत गेली, तिनं मला उलटी उत्तरं दिली, हे सगळं त्या एका सकाळीवर उभं आहे, हे मी कधी विसरले नाही. तशी ती मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्यालाही आता किती वर्षं झाली. आनंद मोठा झाला तेव्हा. पण मला कुणी विचारलं, की राज्य म्हणजे काय, तर माझ्या डोळ्यांपुढं रस्त्यातला दगड उचलून कडेला ठेवणारा एक म्हातारा येतो.

संचारबंदी उठली आणि पंधरवड्यानं आमचे हे सुटून आले. वाळलेले, दाढी वाढलेली. मुलीला बघून रडले आणि मग सरळ भार्गवरावांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पाया पडले. तर भार्गवराव चिंतेत. जेवण जात नव्हतं. आम्हाला वाटलं, दगदग झाली. काकूंनी सांगितलं ते ऐकून आम्ही थक्क झालो. त्या हवालदारासमोर ते 'माजी' म्हणाले नव्हते. खोटं पद सांगून त्यांनी पोलिसांकडून काम करवून घेतलं होतं.

शेवटी एके सकाळी ते कोट घालून चौकीवर गेलेच. सोबतीला ह्यांना घेतलं. हवालदार नेमका तोच. भार्गवराव त्याच्या टेबलापुढं उभे राहिले. "त्या दिवशी माझ्याकडून चुकीचं निवेदन झालं. मी अध्यक्ष नाही. माजी अध्यक्ष आहे. पालिकाही आता नाही. जी काही कारवाई असेल ती करावी."

हवालदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. "आजोबा," तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. खराच अध्यक्ष असता, तर तो चालत आला असता का?"

घरी येताना भार्गवराव ह्यांना म्हणाले, "माणूस बरा आहे. पण त्याचं वाक्य बरोबर नाही. आमच्याकडे चालतच जावं लागायचं. दुसरं वाहन म्हणजे तो बैल."

हे आले, तेव्हा राहिलेलं बारसं उरकायचं ठरलं. चाळीतल्या पोरांचं म्हणणं, मुलीचं नाव 'संयुक्ता' ठेवा. सासूबाईंनी ते हाणून पाडलं. "लेकराच्या नावात राजकारण नको. शालिनी." बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा. घुगऱ्यांचा वास. सगळी धांदल चालली असताना दारावर काठी वाजली. भार्गवराव. कोट धुवून इस्त्री केलेला. हातात पंच्यात गुंडाळलेला नारळ.

बायका बाजूला झाल्या. ते पाळण्याजवळ आले, टोपी सारखी केली आणि सभेत बोलतात तसे म्हणाले, "ह्या हद्दीत एका नवीन रहिवाशाचं आगमन झालं आहे. तिला पाणी, दिवा आणि स्वच्छ रस्ता मिळावा. तिच्या आईला विश्रांती मिळावी. बापानं मोर्च्यातून वेळेवर घरी यावं." सगळ्या हसल्या. त्यांनी नारळ पाळण्याशी ठेवला, मुलीला चक्क दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि वळून बाहेर गेले. पाळणा म्हणायलाही थांबले नाहीत.

"अहो काका, घुगऱ्या तरी..." मी म्हणेपर्यंत ते गेलेसुद्धा.

काकू माझ्याजवळच बसल्या होत्या. त्या दाराकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं बोलल्या. "थंय पण असाच. गावात कोणाच्याय घराक पोर झाला, की हे नारळ घेऊन जायत. पालिकेतर्फे. महाराच्या घराक पण जायत, भटाच्या घराक पण. सगळ्यांक तसोच नमस्कार."

"किती छान!"

"आमका पोरबाळ झाला नाय," काकू म्हणाल्या. "नारळ देऊन परत इले, की सरळ घरात येयत नसत. भायर तुळशीकडे उभे रवत. बरोच वेळ. तोंड सारख्या झाला, की मगे भितर येयत आणि माका सांगत, आज पाणी बरा इला, आज बैल बरो आसा. माका वायट वाटा नये म्हणान."

"तुम्हाला कळायचं?"

"कळाचा नाय तर काय? खिडकी थंयच होती."

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मी बोलान दाखवला असता, तर तेंका उभ्या रवाक जागा खंय उरली असती?"

बायकांनी पाळण्याची दोरी हातात घेतली होती. कुणीतरी पहिली ओळ धरायला घसा साफ केला. काकू उठल्या. पाळण्याजवळ जाऊन त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "देतंस?"

मी मान हलवली.

त्यांनी बाळाला दुपट्यासकट उचललं आणि त्या दाराबाहेर गेल्या. मला बसल्या जागेवरून गॅलरी दिसत होती. भार्गवराव आपल्या खोलीपर्यंत गेलेच नव्हते. मधेच, कठड्याला दोन्ही हात टेकून, आमच्याकडे पाठ करून उभे होते. काकू त्यांच्या शेजारी जाऊन थांबल्या.

"हकडे बघा," त्या म्हणाल्या. "धरा. मान सांबाळा तिची."

त्यांनी वळून बघितलं. हात पुढं केले ते कसे करायचे हे माहीत नसल्यासारखे. काकूंनी त्यांचा एक हात धरून खाली लावला, दुसरा वरून. मग आपलेही हात त्याखाली ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या.

आत बायका खोळंबल्या होत्या. "अगं बाळ कुठाय? पाळणा रिकामाच हलवायचा का?" असं कुणी म्हणालं. सासूबाई उठून दाराशी गेल्या. बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत वळून, दार अर्धवट ओढून घेत त्या म्हणाल्या, "घाई काय हाय? थांबा की जरा."